दार उघडे आहे, पण पाऊल निघत नाही

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या भगिनी ५६ वर्षांच्या आहेत. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची त्यांनी चौदा वर्षे शुश्रूषा केली आणि गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. पती त्याआधीच गेले होते, मुले आपापल्या संसारात दूर आहेत. आता घरात आठ वर्षांचा एक कुत्रा, एक मांजरी आणि सासूबाईंना सोबत म्हणून खाटेजवळ आणून ठेवलेली बजरीगर पक्ष्यांची जोडी आहे. सासूबाई गेल्यावर आपल्याला सुटल्यासारखे वाटले आणि त्या वाटण्याची लाजही वाटली, असे त्या लिहितात. सासूबाईंची कूस बदलण्याची वेळ झाली की रात्री दोन वाजता त्यांना अजूनही जाग येते. काही वर्षांपासून त्यांचे अध्यात्माचे वाचन आणि ध्यान चालू आहे, आणि घरातले प्राणी आपल्याला मुक्तीचा पाठ देत आहेत अशी त्यांची भावना झाली आहे. मांजरी त्यांना जीवन्मुक्त वाटते, कारण ती हाकेला येत नाही आणि कोणाची वाट पाहत नाही. कुत्रा त्यांना आसक्तीची मूर्ती वाटतो. मोकळ्या मैदानात पट्टा काढला तरी तो वीस पावलांवर थांबून मागे वळून पाहतो, आणि त्या बाहेर पडल्या की दाराशी रडत बसतो. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी पक्ष्यांच्या पिंजऱ्याचे दार उघडले. दोन्ही पक्षी दाराच्या काठाशी आले, बाहेर डोकावले आणि परत आतल्या दांडीवर जाऊन बसले. “त्या क्षणी मी मलाच पाहिले आणि रात्रभर रडले,” असे त्यांनी लिहिले आहे. आता पक्ष्यांना मोकळ्या हवेत सोडावे, कुत्रा कोणाला तरी देऊन टाकावा, घर विकावे, मुलांशीही संबंध तोडावेत आणि दूर कुठेतरी एकटीने राहावे असे त्यांच्या मनाने घेतले आहे. हे वैराग्य आहे की पळ काढणे, आणि प्राणी आपल्याला हेच सांगत आहेत ना, असे त्या विचारतात.

प्रिय वाचक भगिनी,

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक तातडीची गोष्ट सांगते. हे उत्तर छापून येईपर्यंत उशीर होऊ नये म्हणून ती तुम्हाला वेगळीही कळवली आहे. पक्ष्यांना बाहेर सोडू नका. बजरीगर मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवरचे. तिथे ते मोठमोठ्या थव्यांनी पाणी आणि गवताचे बी शोधत दूर दूर भटकतात. १८४० मध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ते जिवंत इंग्लंडला नेले आणि त्यानंतर माणसाच्या घरात त्यांच्या पिढ्यान् पिढ्या वाढल्या. तुमच्या जोडीने थवा कधी पाहिलेला नाही, आकाशातून झडप घालणारा शिकारी त्यांना ओळखता येत नाही, आणि पाणी वाटीत असते एवढेच त्यांना ठाऊक आहे. असा पक्षी उघड्यावर सोडला तर तो बहुधा काही दिवसांतच भुकेने मरतो किंवा शिकाऱ्याच्या तोंडी पडतो. सोडणाऱ्याच्या मनाला मात्र एक सुंदर दृश्य मिळते: उघडलेले हात आणि त्यातून उडालेला पक्षी. त्या दृश्याचे मोल दुसऱ्या जिवाने चुकवावे, हे तुमच्यासारख्या, चौदा वर्षे दुसऱ्याच्या देहाची काळजी वाहिलेल्या बाईला पुढे कधीही शांतपणे झोपू देणार नाही, म्हणून इतक्या स्पष्टपणे लिहिते आहे.

आता तुमच्या घरातल्या तिघांकडे पुन्हा एकदा पाहू या. प्राण्यांकडून काही शिकता येते हे मलाही मान्य आहे. माझी शंका एवढीच आहे की, तुम्ही त्यांच्याकडे पाहिलेत ते उत्तर आधी ठरवून आणि मग एकेकाला एकेक भूमिका वाटून दिलीत: मांजरी मुक्त, कुत्रा बद्ध, पक्षी म्हणजे तुम्ही स्वतः.

मांजरीपासून सुरुवात करू. ती हाकेला येत नाही हे तुमचे निरीक्षण खरे आहे. २०१३ मध्ये आत्सुको साइतो आणि काझुताका शिनोझुका या जपानी संशोधकांनी वीस घरगुती मांजरांना अनोळखी माणसांच्या आणि त्यांच्या मालकाच्या हाका ऐकवल्या. अनोळखी हाकांना सरावून गेलेली मांजरेही मालकाचा आवाज येताच कान वळवत, मान हलवत. उठून आवाजाकडे मात्र सहसा जात नसत. म्हणजे हाक ऐकू येते, माणूस ओळखू येतो, आणि उठायचे की नाही हे त्यानंतर ठरते. तुम्ही तिचे न येणे पाहिलेत, वळलेला कान पाहिला नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेच्या ओरेगन स्टेट विद्यापीठात मांजरीच्या पिल्लांना अनोळखी खोलीत दोन मिनिटे एकटे ठेवून मग त्यांच्या माणसाला आत आणले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश पिल्ले माणूस येताच निवळली आणि पुन्हा खोली धुंडाळू लागली. तेव्हा मांजरीला कोणाचेच काही नसते हा समज आपलाच आहे.

आणि गंमत नव्हे, पण विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, आपल्याकडच्या अध्यात्मपरंपरेने मांजराचा दृष्टान्त घेतला तो नेमका उलट्या अर्थाने. श्रीवैष्णवांमध्ये मर्कटकिशोरन्याय आणि मार्जारकिशोरन्याय अशा दोन दृष्टान्तांवरून शरणागतीची चर्चा झाली. माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असते; मांजरीचे पिल्लू काहीच धरत नाही, आई त्याला मानगुटीला धरून उचलते आणि ते अंग सैल सोडते. तुम्ही ज्या प्राण्याला स्वावलंबनाची ध्वजा केलेत, तोच प्राणी तिथे संपूर्ण भरवशाचे प्रतीक आहे. मांजरी दोन्ही आहे. लहानपणी अंग सैल सोडता आले म्हणून मोठेपणी हाकेसरशी धावण्याची तिला गरज वाटत नसेल का, असा विचार माझ्या मनात येतो. हे शास्त्र नव्हे, माझी समजूत आहे. तिच्याकडून घ्यायचेच असेल तर हाक आणि उठणे यांच्यामधला तो क्षण घ्या. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा तुमच्याकडे तो क्षण नसतो. पाय आधी जमिनीला लागतात आणि खाट रिकामी असल्याचे नंतर आठवते.

कुत्र्याबाबत मला जास्त लिहायचे आहे, कारण तुम्ही त्याच्यावर अन्याय केला आहे असे मला वाटते.

पट्टा काढल्यावर तो वीस पावले जातो, थांबतो, मागे वळून पाहतो. तुम्ही इथवरच पाहिलेत आणि गुलामी म्हणून शिक्का मारलात. त्यानंतर तो काय करतो? पत्रात तुम्ही ते लिहिलेले नाही, पण कुत्रे पाळणाऱ्या कोणालाही ते ठाऊक असते: तुम्ही जागेवर आहात हे पाहून तो पुढे जातो. आणखी वीस पावले, मग चाळीस, मग झुडपामागे. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०१३ मध्ये हेच प्रयोगातून दाखवले. खाऊ लपवलेल्या खेळण्याशी झटण्याचे काम कुत्र्यांना दिले, तेव्हा मालक खोलीत असताना ती जास्त वेळ झटत राहिली. मालक नसताना लवकर सोडून देत. मालक उत्तेजन देतो आहे की नुसता गप्प बसला आहे याने फारसा फरक पडला नाही आणि मालकाच्या जागी अनोळखी माणूस बसवून ती उणीव भरून निघाली नाही. लहान मूल आईला एकदा डोळ्यांनी चाचपून पुन्हा खेळायला पळते, तसेच हे आहे. मागे वळून पाहणे हा त्याच्या मोकळेपणाचाच भाग आहे. ज्याला मागे भरवशाचे कोणी नाही, तो एक तर जागचा हलत नाही, नाही तर दिसेल त्या दिशेला उधळतो. उधळलेला कुत्रा तुम्ही पाहिला असेल, त्याच्या डोळ्यांत स्वातंत्र्य दिसत नाही, भय दिसते.

तुम्ही बाहेर पडल्यावर तो दाराशी रडतो, ही गोष्ट मात्र निराळी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. तो खरोखरच त्रासात आहे. पण त्यावर औषध म्हणून त्याला देऊन टाकणे म्हणजे ज्या गोष्टीची त्याला धास्ती आहे तीच कायमची खरी करणे होय. त्यावर काय करायचे ते पुढे लिहिते.

इथे मूळ प्रश्न येतो, आसक्तीचा. जिथे प्रेम तिथे बंधन आणि बंधन तुटले की मुक्ती, हे समीकरण तुम्ही वाचनातून उचललेले दिसते. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि सुमारे सात महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू होते. पिल्लाच्या दातांवरच्या खुणांवरून अलीकडे असे दिसून आले की, त्याला डिस्टेंपर हा जीवघेणा रोग झाला होता आणि तरी ते काही आठवडे जगले, जे कोणी त्याला ऊब, पाणी आणि स्वच्छता दिल्याशिवाय शक्य नव्हते. आजारी पिल्लाचा त्या माणसांना शिकारीला काही उपयोग नव्हता. त्यांना कोणी बांधले होते? तुम्हाला चौदा वर्षे कोणी बांधले होते, हा प्रश्नही मी तुम्हाला विचारते, आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नका. काही दिवस कर्तव्याने बांधले असेल, काही दिवस लोकलाजेने, काही दिवस दुसरे कोणी नव्हते म्हणून. पण काही दिवस, मला खात्री आहे, तुम्ही स्वतःहून त्या खाटेजवळ बसला असाल. त्या दिवसांनाही बंधनाच्या खात्यात जमा करू नका.

आता पक्षी. तुमच्या पत्राचा गाभा तिथेच आहे.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपट आणि नळी यांचा दृष्टान्त आला आहे; शुकनलिकान्याय म्हणून तो आपल्याला परिचित आहे. पारध्याने लावलेल्या फिरत्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, पोपट उलटा लोंबकळतो आणि आपण अडकलो असे समजून मोकळे असलेले पंजे अधिकच आवळतो. त्याला बांधलेले कोणीच नसते. तुम्ही हा दृष्टान्त वाचला असणार आणि पिंजऱ्याच्या दाराशी तो तुम्हाला आठवला असणार; म्हणून तर तुम्ही स्वतःलाच पाहिलेत. पण तुमचे पक्षी नळीवरचे पोपट नाहीत. त्यांचा पिंजरा खरा आहे, तारेचा आहे, त्यांच्या जन्माआधीपासून आहे. खरी बेडी असलेल्याला “तू फक्त मूठ सोड” असे सांगणे हा अध्यात्माच्या नावाखाली होणारा एक मोठा दुष्टावा आहे, आणि घराघरांतल्या थकलेल्या बायकांना तो फार ऐकावा लागला आहे. सासूबाईंच्या आजारपणात तुम्ही थकलात ते मनाच्या आसक्तीमुळे नव्हे. झोप मिळत नव्हती आणि दुसरा हात मदतीला नव्हता म्हणून. आपली नळी कोणती आणि आपला पिंजरा कोणता, हे आधी वेगळे करावे लागते. रात्री दोनची जाग ही आता नळी आहे. चौदा वर्षे मात्र तो पिंजरा होता, आणि तो गेल्यावर सुटल्यासारखे वाटले यात लाजण्यासारखे काही नाही. ज्याचे ओझे खरे होते त्यालाच ते उतरल्याचे कळते, आणि दुःखही त्याच जागी, त्याच वेळी असू शकते.

मग दार उघडूनही पाऊल का निघत नाही? १९६७ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी अमेरिकेत कुत्र्यांवर काही प्रयोग केले. ते क्रूर होते आणि त्यांच्याविषयी लिहितानाही मला त्रास होतो, पण त्या मुक्या जनावरांनी जे दाखवले ते वाया जाऊ नये. काही कुत्र्यांना विजेचे धक्के दिले, जे त्यांना काही केल्या थांबवता येत नव्हते. काहींना तेवढेच धक्के दिले, पण डोक्याने एक फळी दाबली की ते थांबत. नंतर सर्वांना अशा पेटीत ठेवले, जिथे बुटका अडसर ओलांडून पलीकडे गेले की सुटका होती. फळी दाबू शकलेले कुत्रे उडी मारून गेले. पहिल्या गटातले बहुतेक तिथेच पडून राहिले. अडसर काढून पलीकडे खाऊ ठेवला तरी ते उठेनात. अखेर गळ्यातल्या दोरीने त्यांना ओढून पलीकडे न्यावे लागले, एकदा-दोनदा नव्हे, कितीतरी वेळा, आणि मग ते आपणहून जाऊ लागले. यालाच शिकलेली असहायता असे नाव पडले. पण याच दोघांनी २०१६ मध्ये, जवळजवळ पन्नास वर्षांनी, आपला मूळ सिद्धान्त उलटा होता असे लिहिले. लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणे ही मेंदूची मूळचीच, कोणी न शिकवता आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते हे, की आपल्या हातात काही आहे.

माझ्या दृष्टीने तुमच्या पत्राला हेच सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे. तुमचे पक्षी आणि तुम्ही कुठलीही चूक करत नाही आहात. दार उघडणे ही एका क्षणाची गोष्ट आहे, मोकळे होणे हे शिक्षण आहे, आणि त्याला दिवस लागतात.

हे मला एका कुत्र्याने शिकवले. तो माझ्याकडे आला तेव्हा तीन वर्षांचा होता आणि आधीच्या घरी तो सगळा काळ एका खांबाला बांधलेला होता. मानेभोवती बोटभर रुंदीचा पट्टा असा होता की तिथे केस उगवलेच नव्हते, कातडी काळी आणि चकचकीत झाली होती. आमच्या अंगणात त्याला साखळी नव्हती. तरी तो पायरीपासून साधारण पाच हात जाई आणि थांबे. जणू काही तिथे मानेला हिसका बसणार होता. पहिल्याच दिवशी मी उत्साहाच्या भरात त्याला पट्ट्याने पुढे ओढले. तो जमिनीला पोट लावून पसरला आणि त्याची लघवी झाली. त्या दिवसानंतर मी ओढणे सोडले. रोज संध्याकाळी त्या न दिसणाऱ्या रेषेच्या वीतभर पलीकडे खुर्ची टाकून वाचत बसू लागले. बोलावणे नाही, चुचकारणे नाही. एकोणिसाव्या दिवशी त्याने पुढचा उजवा पंजा रेषेपलीकडे ठेवला, पाहिले, आणि मागे घेतला. दुसऱ्या दिवशी पंजा तिथेच राहिला. पुढे तो सगळ्या अंगणात हुंदडू लागला. मात्र झोपायला तो मरेपर्यंत पायरीजवळच येत असे, आणि ते मी कधीही बंधन मानले नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते लिहिते. असेच प्राणी आणि अशीच द्विधा मनःस्थिती असलेल्या इतर वाचकांनाही ते उपयोगी पडावे. पक्ष्यांसाठी एक खोली ठरवा. खिडक्या बंद करून काचांवर पडदे ओढा, कारण काच त्यांना कळत नाही. पंखा बंद ठेवा, पाण्याची उघडी भांडी झाका, आणि मांजरीला दुसऱ्या खोलीत ठेवून मधले दार लावा. दररोज ठरावीक वेळी पिंजऱ्याचे दार उघडे ठेवा. बाहेर, दाराच्या अगदी जवळ, एक साधी फांदी बांधा आणि तिच्यावर थोडे दाणे ठेवा. हात आत घालू नका, हुसकावू नका. काही दिवसांनी फांदी वीतभर लांब सरकवा. परत आत जावे म्हणून पाठलाग करू नका. दाणापाणी आत असले की भूक लागल्यावर ते आपणहून जातात. पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असणे त्यांना सोयीचे, कारण ते आडवे उडतात. हे सगळे जमणार नसेल, तर मोठ्या जाळीघरात पक्षी ठेवणाऱ्या जाणत्या माणसाकडे त्या दोघांना एकत्र द्या. जोडी फोडू नका.

कुत्र्याला बाहेर पडण्याची सवय थेंबाथेंबाने लावावी लागेल. किल्ल्या उचला आणि परत खाली ठेवून बसा. चपला घाला आणि घरातच फिरा. मग दाराबाहेर जाऊन तो रडायला लागण्याआधीच आत या. आधी काही क्षण, मग एक मिनिट, मग पाच. तुम्ही जाता याचा अर्थ तुम्ही येता असाही होतो, हे त्याला अनुभवाने कळले पाहिजे. आणि फिरायला नेताना निदान एक फेरी त्याच्या मर्जीने होऊ द्या: लांब दोरी, वाट त्याने ठरवायची, हुंगायला हवा तितका वेळ. दार ओरबाडून तो स्वतःला जखमा करून घेत असेल किंवा त्याचे खाणे सुटले असेल, तर पशुवैद्याला दाखवा; ही भीती कधी कधी औषधाशिवाय हटत नाही. ज्या वाचकांना आजारपणामुळे किंवा अडचणीमुळे प्राणी खरोखरच सांभाळता येत नाही, त्यांनी चांगले घर शोधून तो दिला तर त्यात पाप नाही. फक्त त्या निर्णयाला वैराग्याचे वस्त्र नेसवू नये. याला दुसरीकडे अधिक सुख लागेल का, हा एक प्रश्न आहे. मला यातून सुटायचे आहे का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या कागदांवर लिहावीत.

तुमच्याविषयी लिहिताना मला एक जुनी यादी आठवते. ब्रिटनमध्ये १९७९ साली शेतावरच्या जनावरांच्या कल्याणासाठी पाच स्वातंत्र्ये मांडली गेली: भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना, इजा आणि रोगापासून, भय आणि क्लेशापासून मुक्तता, आणि आपल्या स्वभावानुसार वागण्याचे स्वातंत्र्य. पाचांपैकी चार ‘पासून’ची आहेत आणि एकच ‘करण्याचे’ आहे. सासूबाई गेल्यावर तुम्हाला ‘पासून’चे स्वातंत्र्य एका रात्रीत मिळाले. ‘करण्याचे’ अजून हाती यायचे आहे, कारण तुम्हाला काय आवडते हे चौदा वर्षांत कोणी विचारले नाही आणि तुम्हीही विचारले नाहीत. ही पोकळी भयंकर वाटते. ती भरून काढण्यासाठी तुम्ही आणखी ‘पासून’ शोधत आहात: कुत्र्यापासून, घरापासून, मुलांपासून.

म्हणून वैराग्य की पळ याचे माझे उत्तर असे आहे: दोन्ही असेल, आणि आज तुम्हालाही ते वेगळे करता येणार नाही. ओळखण्याची एक खूण सांगते. पळणाऱ्याला परतीची वाट मोडून टाकावीशी वाटते, कारण ती राहिली तर आपण परत येऊ याची त्याला धास्ती असते. ज्याची मूठ आतून सैल झाली आहे त्याला घर असले काय आणि नसले काय, विकण्याची घाई नसते. मराठीत सोडणे आणि सुटणे अशी दोन क्रियापदे आहेत. तुमच्या पत्रात पहिले सात वेळा आले आहे, दुसरे एकदाच, आणि ते त्या लाज वाटलेल्या वाक्यात.

तर एक वर्षभर काहीही विकू नका, कोणालाही कायमचे तोडू नका. एकटे राहण्याची ओढ मात्र दाबू नका, ती खरी असू शकते. तिला फांदीसारखी वीतभर पुढे सरकवा. आधी दिवसातला एक तास असा ठेवा की त्या वेळात कोणाच्याही हाकेला उठायचे नाही. मुलांना तसे प्रेमाने सांगा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ध्यान त्या तासात करा किंवा नुसत्या बसा. मग महिन्यातून दोन रात्री कुठेतरी एकट्या राहा. तोवर कुत्र्यालाही तुमच्याशिवाय एक रात्र काढता येऊ लागली असेल, विश्वासातले कोणी त्याच्याजवळ ठेवा. हिवाळा संपेपर्यंत हे निभले तर सलग महिनाभर जा, घर कुलूप लावून. परत आल्यावर घर कसे वाटते ते लिहून ठेवा. रात्री दोन वाजता जाग येईल तेव्हा लगेच उठू नका. मांजरीसारखा कान तेवढा वळू द्या, खाट रिकामी आहे हे स्वतःला हळू सांगा, हवे तर रडा, आणि पडून राहा. ही जाग काही आठवड्यांत कमी झाली नाही, किंवा दिवसाही जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांकडे जायला अजिबात संकोच करू नका. ध्यान हे झोपेच्या औषधाला पर्याय म्हणून वापरू नये.

वर्षभराने तुम्ही दूर एकटीने राहायला गेलात तर मी तुम्हाला अडवणार नाही, आनंदाने निरोप देईन. तेव्हा सविस्तर लिहाच. पक्ष्यांविषयी मात्र त्याआधी, पुढच्या महिन्यातच कळवा: दोघांपैकी आधी फांदीवर कोण आले, आणि दुसऱ्याने आतून त्याच्याकडे किती वेळ पाहिले.